अर्जातलं तिसरं नाव

प्रिय छोट्या,

काल फोनवर मी जे बोलले ते तुझ्या मनात ठसठसत असणार. माझ्याही ठसठसतंय. म्हणून पत्र लिहितेय, कारण फोनवर मी पुन्हा तोंड सोडेन.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. विम्याचे दावे तपासण्यात वीस वर्षं गेली. समोरचा थापा मारतोय असं धरूनच मी कागद उघडते. आणि त्यात तू! माझ्या जुळ्यांना सात वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही कधी नेलं नाहीस, आणि अचानक म्हणालास की सगळे मिळून थीम पार्कला जाऊ. माझे कान टवकारले. तिथे माझ्या जुळ्यांसारख्या स्वमग्न मुलांना मनगटाला बांधायचा पट्टा देतात, मग सोबतच्यांनाही रांगेत उभं राहावं लागत नाही, हे तुला माझ्याआधी माहीत होतं. म्हटलं, आले मामा लाडात.

मग तुझे प्रश्न सुरू झाले. कानावरचे हेडफोन किती घट्ट असावेत? स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र सुरू झालं की माझी लेक किंचाळते, तेव्हा मी नेमकं काय करते? जायच्या जागेचे फोटो मुलांना किती दिवस आधीपासून दाखवायचे? आणि हे सगळं माझ्या पहिल्यांदा लक्षात कधी आलं? मी उत्तरं देत गेले, पण मनात म्हणत होते, हा मला घोळात घेतोय. तुझ्या बायकोला आडून विचारलं, तर तिने विषयच बदलला. माझा संशय पक्का झाला.

काल सकाळी तू भरलेला अर्ज माझ्या सहीसाठी आला. मुलांच्या रकान्यात तीन नावं. दोन माझ्या मुलांची, तिसरं तुझ्या तीन वर्षांच्या लेकाचं. म्हटलं, दोन पट्ट्यांवर येतील तेवढी माणसं पुरत नाहीत, आता सासुरवाडीही आणायची असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन लावला आणि म्हणाले, "रांग चुकवायला धडधाकट पोराला स्वमग्न ठरवतोस? लाज नाही वाटत?"

तू एवढंच म्हणालास, "ताई, मागचे कागद बघ."

ते मी आज दुपारी ऑफिसात बघितले. जोडलेले कागद वाचल्याशिवाय शेरा मारू नका, असं रोज दुसऱ्यांना बजावणारी मी. तुझ्या लेकाच्या निदानाच्या कागदाखाली माझ्याच मुलांच्या डॉक्टरीणबाईंची सही आहे, आणि तारीख चार महिन्यांपूर्वीची. चार महिने तुम्ही दोघं हे उरात घेऊन फिरलात, आणि मला सांगायचा धीर होईना म्हणून तू हेडफोनचं विचारत राहिलास. छोट्या, मला माफ कर. अर्ज सही करून सोबत जोडलाय. शनिवारी फाटक उघडायच्या अर्धा तास आधी या. आत गोंगाट असेल, तुझं पोर कदाचित पहिल्याच वळणावर जमिनीवर लोळण घेईल, आणि लोक थांबून बघतील. तू त्यांच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.

तुझीच,
ताई