अर्थिंगचा पाईप

सिरसाळा

प्रिय राजनंदिनी,

पूर्ण नावानं हाक मारली की दादा भांडायला बसलाय, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. या वेळी भांडण माझं माझ्याशीच आहे. फोनवर चारदा तोंड उघडलं आणि पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिलं, म्हणून हे पत्र.

विद्यापीठात द्यायचं तुझं भाषण परवा फोनवर मला ऐकवलंस. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच जाते, त्यात मीठ विरघळलं की विद्युतभार सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. आभाळातल्या विजेत आणि सूर्याच्या तापलेल्या वायूतही असेच सुटे भार. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालायला आम्हाला आयटीआयमध्ये शिकवलं होतं, पण का घालायचं ते या वायरमनला चाळिशीत धाकट्या बहिणीकडून कळलं. फार अभिमान वाटला. भाषणाची सुरुवात मात्र तू मायला बसलेल्या शॉकनं केलीस. घामेजल्या, ओल्या हातानं मोटारीला शिवणारी वेंधळी माय. इथे लोक हसतील, म्हणालीस. मीही हसलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हौदावरच्या त्या मोटारीचं अर्थिंग मीच केलं होतं. आठ फूट खणायचं होतं, तीन फुटांवर खडक लागला. संध्याकाळी युसूफवडगावला मित्राची वरात होती आणि नवा शर्ट खुंटीला वाट बघत होता. मी पाईप कापला, तीन फुटांचा तुकडा पुरला आणि वर माती ओढली. मीठ-कोळशाची गोणी फोडलीसुद्धा नाही. उरलेला पाच फुटांचा तुकडा मायनं दोडक्याच्या वेलाला रोवला, तो अजून तिथेच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मोटारीत करंट उतरला. त्याला जमिनीत जायला धड वाट नव्हती, तो मायच्या अंगातून गेला. अण्णांनी मला एकदाच विचारलं, अर्थिंग नीट हाय का? मी काही बोलायच्या आत मायच म्हणाली, माझ्याच हाताला पानी व्हतं, त्येला कावून बोलता? मी नुसती मान हलवली. मोटार बदलून दिली, पण खड्डा उकरला नाही. उकरला असता तर सगळ्यांना दिसलं असतं.

तिची दोन बोटं तेव्हापासून आखडली आहेत. सहा वर्षं ती वाळक्या काठीनं बटण दाबते. तू सांगितलंस म्हणून दर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतते, एक दिवस चुकवत नाही. मला लाज वाटते गं. तिच्या हातची भाकरी खाताना मी खाली बघून खातो.

काल खडक फोडून घेतला आणि पूर्ण आठ फुटांचा पाईप घातला. मीठ मायनंच टाकलं, त्याच बोटांनी. कावून बदलतोस, असं तिनं विचारलं, तर पुन्हा खोटंच तोंडात आलं. म्हणालो, जुना गंजलाय.

तुझं भाषण पुढच्या महिन्यात आहे. तिथे मायवर कुणाला हसू देऊ नकोस. वेंधळी ती नव्हती. वायरमन भावानं खड्डा अर्धवटच खणला होता, असं माझं नाव घेऊन सांग. पण त्याआधी हे पत्र तिला फोनवर वाचून दाखव. तिला वाचता येत नाही, आणि माझ्या तोंडून ते निघत नाही. फोन मीच धरीन, तिच्या समोर बसून. मध्येच मी काही बोललो, तरी तू वाचायची थांबू नकोस.

तुझाच,
बजरंगदादा