शेवटचा डबा

१७ जानेवारी १९४४

सिनेमा अर्धवट राहिला! नायकानं औषधाची पेटी मोटारीत टाकली, मोटार धुरळा उडवत निघाली – आणि एकदम पांढरं कापड. तंबूत शिट्ट्या, शिव्या. तंबूवाला रतनसिंग हात जोडून पुढं आला. "भाइयो, रील का आखरी डब्बा पूर्णा टेसन पे अटक गया. कल की गाडी से बराबर आयेगा."

निर्मलेला नेलं ही चूकच झाली. उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते तिच्या. पण हट्टच धरला. दळायला येणारी गोजरबाई तिला धरून बायकांच्या पडद्यामागं बसली होती. घरी येताना निर्मलेनं विचारलं, "मोटार पोचती का हो?"

मी म्हणालो, "डबा आला की कळेल."

हे खोटं नाही. पण खरं तरी कुठं आहे? दिवाळीत तिच्या इंजेक्शनांसाठी हैदराबादला गेलो तेव्हा हा सिनेमा मी पूर्ण पाहिला आहे. मोटार पोचत नाही.

१८ जानेवारी

डबा आला नाही.

गोष्ट जुनीच. केतकी आणि सौदागर. इकडं प्रत्येक जात्यावर गातात. बाप केतकीला कोंडतो, ती झुरून अंथरूण धरते, सौदागर सांडणीवरून औषध घेऊन निघतो – उशीर होतो. उंबऱ्यावरच तोही प्राण सोडतो. सिनेमात सगळं नव्या काळातलं. केतकी कॉलेजात जाते, सौदागर विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर. सांडणीच्या जागी मोटार.

आज दोघींचा वाद चालला होता. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो.

"मोटार म्हंजी काय सांडणी हाय का बाई?" गोजरबाई. "सांडणी वाटंत पाणी प्यायला थांबती."

"मोटारीलाबी पाणी लागतं."

"मग तुमच्या डागदरानं आदीच भरून घ्यावं! एवढं शिकून आला नं?"

निर्मला हसली. पुष्कळ दिवसांनी. मग धाप लागली.

१९ जानेवारी

पहाटे गोजरबाईचं गाणं ऐकत पडलो होतो. सांडणी निघाली, आणि ओवी तिथंच थांबली. जातं मुकाट फिरत राहिलं. सकाळी विचारलं, पुढचं काहून म्हणत नाहीस?

"आजारी माणूस हाय नं घरात. शेवटची ओवी म्हनू न्हाई तिथं, मास्तर. शिकलेल्या मानसाला येवढं बी ठाव न्हाई?"

डॉक्टर येऊन गेले. निर्मलेच्या अंगात रक्तच तयार होत नाही. लिव्हरची इंजेक्शनं विलायतेहून यायची, लढाईमुळं मिळेनाशी झाली. हैदराबादचा माझा मित्र खटपट करतो आहे. पार्सल रेल्वेनं टाकीन म्हणून लिहिलं होतं त्यानं. पूर्णेहून येणारी प्रत्येक गाडी बघून येतो. स्टेशनवरचा हमाल आता लांबूनच मान हलवतो.

२० जानेवारी

रतनसिंगाला भेटलो. आज रात्री दाखवणार म्हणाला. पूर्णेहून डबा आला का, विचारलं. हसायलाच लागला! डबा त्याच्या खाटेखाली होता – पहिल्या दिवसापासून! प्रत्येक गावात शेवटचा डबा दोन-तीन दिवस 'अटकतो'. लोक रोज येतात, रोज शिव्या देतात, तंबू भरलेला राहतो. "धंदा है मास्तरजी."

मला राग यायला हवा होता. मी त्याच्या खाटेवर बसलो आणि म्हणालो – आजही अटकू द्या. बायकोचं दुखणं, तिचा रोजचा प्रश्न, सगळं सांगितलं. शेवट दाखवला तर उद्या सकाळी पाणवठ्यावर सगळ्या गावाला कळेल, आणि आमच्या घरीही.

त्यानं खाटेखाली एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाला, "ठीक है. पर गालियां मैं अकेला नहीं खाऊंगा, आप भी तंबू में बैठना."

बसलो. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारा मी. कापड पांढरं झालं तेव्हा माझ्या शाळेतली पोरंसुद्धा ओरडत होती. आणि मला हायसं वाटलं. एवढ्या लोकांच्या करमणुकीवर माझा काय हक्क?

२१ जानेवारी

डबा नाही. निर्मलेनं रोजच्यासारखं विचारलं, मी काहीतरी जुळवून सांगितलं. पार्सल नाही.

२३ जानेवारी

आज न राहवून निर्मलेला सांगून टाकलं. "पोचते मोटार."

तिनं कुशीवर वळून माझ्याकडं पाहिलं. ओठ कागदासारखे पांढरे झालेत. म्हणाली, "हैदराबादहून आलात त्या दिवशी ताटावरून तसेच उठलात. सिनेमा पाहिला एवढंच बोललात. चांगला शेवट असता तर पाटावर बसायच्या आधी सांगितला असता तुम्ही. तुमच्या पोटात काय राहतंय?"

मी विचारलं,

"मग रोज विचारत का होतीस?"

"तुम्ही रोज काय काय जुळवता ते बघायला." पुन्हा हसली. मग म्हणाली, "गोजरबाईनं सांगितलं मला, तंबूवाल्याकडं जाऊन बसता म्हणून. त्याला म्हणावं, अजून एक दिवस थांब."

२४ जानेवारी

रतनसिंग सामान बांधतो आहे. उद्या कळमनुरीचा बाजार, त्याला थांबता येत नाही. लोकांनी काल खुंट्या उपटल्या, एक कनात फाडली. निघताना दाराशी आला, आत आला नाही. "आप के गांव में नहीं दिखाया, मास्तरजी. बाईसाब को बोलना."

सांगितलं. डोळे मिटूनच तिनं मान हलवली.

स्टेशनवर जाऊन आलो.

२५ जानेवारी

गाडी आली. पार्सल नाही.

११ फेब्रुवारी

परवा तेरावं झालं. पार्सल काल आलं, फोडलेलं नाही.

आज पहाटे गोजरबाईनं केतकीचं गाणं शेवटपर्यंत म्हटलं.