रविवारी सकाळची सिनेमाची रात्र

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर लगेच सरळ होत नाही, तेव्हा निम्मं पत्र वाकूनच लिहिलंय असं धरून चाल.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढउतार करू नकोस असं सांगणार होतो, पण तू माझं कधी ऐकलंयस? आणि आता तर तुला खरंच ऐकू येत नाही, म्हणजे तुझी सोयच झाली. कानाचं यंत्र कपाटात जपून ठेवलं आहेस असं भाच्याकडून कळलं. चांगली वस्तू वापरून खराब कशाला करायची, हे आपल्या घराण्याचं धोरणच आहे. फोनवर मी ओरडायचं, शेजाऱ्यांनी भिंत ठोकायची आणि शेवटी तू "बरं, ठेवते" म्हणायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

गेल्या पत्रात तू खाली दोन रेघा मारून विचारलंस, एकटा दिवसभर करतोस तरी काय? ताई, मला मरायला फुरसत नाही. बाइंडिंगचा कारखाना सोडून चार वर्षं झाली, ही जाऊन तीन. लोकांना वाटतं म्हातारा खिडकीत बसून रस्ता मोजत असेल. रस्ता मोजून झाला, तो पहिल्याच महिन्यात. सध्या मी सिनेमे बघतो, तेही जपानी कार्टून. (कार्टून म्हटलेलं नातीला खपत नाही. अ‍ॅनिमे म्हणायचं. मी एकदा चुकलो तर तिने मला तीनदा म्हणायला लावलं, शाळेत मास्तर लावायचे तसं.)

त्याचं असं झालं. तिकडे परदेशात लेकीने कुठेतरी वाचलं की घरातल्या सगळ्यांनी आठवड्यातून एक रात्र एकत्र बसून सिनेमा बघावा आणि मग त्यातलंच काहीतरी पोरांकडून हाताने करून घ्यावं, चित्र म्हणा, मुखवटा म्हणा. त्याने पोरांची कल्पनाशक्ती वाढते आणि कुटुंब जवळ येतं. कुटुंबात मीही येतो, हे तिच्या लक्षात आलं, याबद्दल मी तिला जन्मभर बोल लावणार नाही. ती तिकडे सिनेमा लावणार, मी इकडे तोच लावणार, आणि मोबाइल मधे उभा करून एकमेकांना बघणार. फक्त त्यांची शनिवारची रात्र म्हणजे माझी रविवारची सकाळ, साडेसहाची. नात शनिवारी हात हलवते आणि मी रविवारी उत्तर देतो. पण सिनेमाची रात्र म्हणजे रात्रच हवी, असा धाकट्या नातवाचा हट्ट. त्यामुळे मी उठतो, दात घासतो, पडदे लावतो, फटींत पुठ्ठे खुपसतो आणि दिवा मालवून अंधारात बसतो. दूधवाल्याने पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फार हळू आवाजात विचारलं, काका, सगळं ठीक ना?

पहिला सिनेमा होता गोगलगायीचा. बसएवढी गोगलगाय बेटाबेटांवर पत्रं पोचवते. तिला वाचता येत नाही, म्हणून शंखात एक पोरगी बसलेली असते, ती पत्ते वाचून सांगते. दोन तास गोगलगाय चालते. मला वाटलं, हा आपल्या वेगाचा सिनेमा आहे. पण पोरांना जपानी आवाजच ऐकायचे असतात, आणि अर्थ म्हणून खाली अक्षरं येतात, ती गोगलगायीच्या वेगाने येत नाहीत. आता मी बाइंडर माणूस. चाळीस वर्षं एक पान नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही. ओळ पुरी न वाचता पुढे जायचं हे मला जमेना, म्हणून मी दर ओळीला सिनेमा थांबवायला लागलो. परिणाम असा की पोरांचा सिनेमा संपला तेव्हा माझी गोगलगाय दुसऱ्या बेटावर होती. तिकडे रंग, कात्र्या निघाल्या, आणि मी मधेच मोठ्याने हसलो. गोगलगायीच्या डोक्यावर टपालपेटी पडते, तिथे. ते सगळे चाळीस मिनिटांपूर्वी हसून मोकळे झाले होते. जावयाने दचकून फोनकडे पाहिलं. पण नातीने ब्रश खाली ठेवला, विचारलं, "आजोबा, आत्ता पेटी पडली का?" आणि माझ्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून हसली. ताई, ही गेल्यापासून या घरात मी इतका हसलो नव्हतो.

मुखवट्याचं प्रकरण तुला सांगणार नव्हतो, पण भाचा सांगेलच. तिसऱ्या रविवारी पोरांना पुन्हा गोगलगायच हवी होती, आणि मुखवटाही तिचाच करायचा होता. लेकीने लिहून पाठवलं होतं, फुगा फुगवा, त्यावर कागदाचे तुकडे चिकटवा, वाळला की फुगा फोडा. माझ्या घरात फुगा कुठून असणार? पण चेहरा होता. वस्तूला कव्हर करायचं तर माप वस्तूवरच घ्यावं, हे मी कारखान्यात शंभर जणांना शिकवलंय. तेव्हा मी झकास खळ शिजवली, (तीच, आपली जुनी. या खळीने चिकटवलेली पुस्तकं लोकांच्या नातवंडांनी फाडून पाहिली, फाटली नाहीत) आणि डोळे-नाक-तोंड मोकळं ठेवून कागदाचे चार थर थेट तोंडावर चढवले. वर बाइंडिंगचं कापड, कारण नुसता कागद मला बघवत नाही. दाढी दोन दिवसांची होती, हे विसरलो. पंखा सुरू करून सिनेमा बघत बसलो. आपण काय केलं ते सिनेमा संपल्यावर कळलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कुरियरवाला. हातात लेकीने पाठवलेलं चित्रकलेच्या सामानाचं पार्सल, आणि ते द्यायचं तर ओळखपत्र बघून द्यायचं. मी कार्ड दिलं. त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. बिचाऱ्याने फार सभ्यपणे विचारलं, घरात दुसरं कोणी आहे का? मी सांगितलं, दुसरं कोणी नाही, मीच आहे. हे वाक्य मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो, पण गोगलगायीच्या तोंडाने पहिल्यांदाच. शेवटी तो आत आला, पाणी गरम करून दिलं आणि अर्धा तास बसून फडक्याने माझा चेहरा सोडवला. चेहरा आला, दाढी गेली, डावी भुवईही थोडी गेली. पार्सल उघडलं तर वरच फुग्यांचं पाकीट. त्या अर्ध्या तासात नातीला फोनवर इतकं हसू आलं की तिला उचकी लागली. भुवई त्यापुढे काहीच नाही. मुखवटा मात्र एकसंध निघाला, खिळ्यावर टांगलाय. कोणी आलं तर दाखवतो.

तर असं माझं दर रविवारी चाललेलं असतं. तुझ्याकडे राहायला ये, ये, म्हणतेस, पण इतक्या कामांतून निघणार कसा? माझी काळजी करू नकोस. एकटेपणा वगैरे रिकामटेकड्यांचे आजार आहेत.

भाच्याला आशीर्वाद, सुनेला आशीर्वाद, तुला पुन्हा एकदा वाकून (आता भिंतीला धरून) नमस्कार.

तुझा,
एक भुवई कमी असलेला धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. दर रविवारी लिहिलंय ते खरं आहे, पण माझ्यापुरतं. पोरांना पोहण्याचा क्लास लागला, नेमका शनिवारी, सिनेमाच्याच वेळेला. लेकीने निरोप ठेवला, बाबा, थोडे दिवस नको, मग बघू. चूक कोणाचीच नाही, पोहता आलंच पाहिजे. त्याला सहा रविवार झाले. पडदे मी अजून लावतो. मोबाइलही समोर उभा करतो, क्लासला एखादी सुट्टी असली तर. गोगलगाय पाचदा पाहिली, पेटी पाचदा पडली. एकट्याने हसू येत नाही गं. लेकीला यातलं अक्षरही कळवू नकोस, तिला तिथे उगाच रडू येईल.

आणखी एक, आणि खरं तर यासाठीच एवढी शाई घालवली. लहानपणी मैदानात सिनेमा यायचा आणि पुढे जागा मिळायची नाही, तेव्हा आपण पडद्यामागे बसायचो, आठवतं? सगळे नायक डावखुरे, सगळी अक्षरं उलटी. मला सुलटीसुद्धा वाचता येत नव्हती, आणि तू ती उलटी अक्षरं भराभर वाचून माझ्या कानात सांगायचीस. भाच्याने दिलेल्या ज्या टॅबने तू दुधाचं पातेलं झाकतेस, त्यावर सिनेमा दिसतो आणि मीही दिसतो. भाच्याला सांग, रविवारी साडेसहाला लावून दे. तुला ऐकू येण्याची गरजच नाही, अक्षरं खाली येतात. तू ती मोठ्याने वाचायचीस, म्हणजे मला थांबवावं लागणार नाही. चित्र काढायची सक्ती नाही. आणि मी हसलेलं तुला कळणार नाही, म्हणून पेटी पडली की मी हात वर करीन. तूही कर.