बठ्ठा म्हणजे किती?

गुरुजी, तक्रार गंभीर आहे. आमच्या नव्या जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर पुरुषभर उंचीची पाटी लागली आहे, आणि तिच्यात 'शुद्ध' हा शब्द अशुद्ध आहे. द-ला ध जोडायचा, तर पेंटरने ध-ला द जोडला. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आले की पाण्याच्या गुणवत्तेवर याचा परिणाम होत नाही. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षे झाली, तेव्हा ही पाटी बघायची वेळ तुमच्यावर आली नाही. मरणाचे काही फायदे असतात, ते तुम्ही कधी शिकवले नाहीत.

तुमचा संस्कृतचा विद्यार्थी पाणीपुरवठ्यात इंजिनियर झाला, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटले नव्हते. 'पाण्याला पंचेचाळीस शब्द पाठ केलेस आणि शेवटी पाइप मोजतोस,' असे म्हणाला होतात. अजून पाइपच मोजतो. सध्या चोपड्याकडच्या गावांसाठी एकत्र योजना आखतो आहे : एक धरण, टेकडीवर एक केंद्र, तिथून उताराने गावोगावच्या टाक्यांत पाणी. प्रत्येक गावाने आपापली विहीर खोल करत बसायचे दिवस संपले, विहिरीच दमल्या. आज किती माणसे आहेत, पुढच्या तीस वर्षांत किती होतील, एकेकाला किती लागेल, यावरून नळाची जाडी ठरते. नळ एकदा जमिनीत गेला की चूक काढता येत नाही. तुमच्या वहीत निदान खोडरबर चालायचे.

तर मागच्या महिन्यात ग्रामसभेसाठी एका गावी गेलो होतो. गाव केळीचे. मारुतीच्या पारासमोर सतरंजी, माइक खरखरतोय, आणि उपसरपंच आबा माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणतात, 'आकडा बराबर शे साहेब. यामा बठ्ठा ई ग्यात.' सगळे आले यात. मी पेन उघडले. आता सही करायची आणि पुढच्या गावाला निघायचे. पण 'बठ्ठा' ऐकले आणि मला एकदम वांगी भाजल्याचा वास आला. खरेच आला.

तुमच्या शेतातली ती भरीत पार्टी. आम्ही अकरावीचे, थंडीची दुपार, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, आणि गुरुपत्नी अक्का हिरव्या मिरचीचा ठेचा कुटताना आम्हाला दटावतात, 'हात धवा पहिले, पंडित लोकहो!' वाढपी मी. सगळ्या पंक्ती उठल्यावर तुम्ही विचारलेत, 'झाले का सर्व?' मी ऐटीत म्हणालो, 'सर्वे भुक्तवन्तः.' सगळे जेवले. व्याकरणात चूक नव्हती, म्हणून शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही विहिरीकडे बघत होता. तिथे तुमचा सालदार आणि त्याची बायको काळे झालेले हात धूत उभे होते. सकाळपासून वांगी त्यांनीच भाजली होती. वर्गात मी एकदा विचारले होते की 'सर्वौ' या द्विवचनाचा व्यवहारात उपयोग काय. 'सगळे' कधी दोनच असतात का? ते द्विवचन विहिरीपाशी उभे होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. 'सर्व हे सर्वनाम आहे बाबा. घाईच्या माणसाची सोय. आधी नावे घ्यायची असतात.' मग त्या दोघांना मध्ये घेऊन तुम्ही स्वतः पुन्हा पानावर बसलात आणि मला वाढायला लावलेत. तुम्ही आधी पोटभर जेवला होतात, हे मला माहीत होते. तरी अर्धी भाकरी खाल्लीत.

म्हणून मी पेन मिटले आणि आबांना विचारले, 'केळी कापायला डोंगरातून माणसे येतात, मळ्यांत झोपड्या करून राहतात, ती धरली का?' आबा हसले. 'त्या कुठे आम्हनात शेतस, साहेब? येतस नि जातस.' किती दिवस राहतात? यावर जरा चुळबुळ. बाग बारमाही, तोड बारमाही. एक टोळी गेली की दुसरी येते. मग पाणी कुठले पितात? कुणी म्हणाले पाटाचे, कुणी म्हणाले मोटारीचे. तेवढ्यात मागून एक मळेवाल्या बाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. 'घड त्यास्नी तोडाना, नि गोड पाणी आपुनच पेवानं का, आबा? मना मळामा तीन लेकरं शेतस त्यासना. नावं सांगू?' आणि त्यांनी खरोखर नावे सांगितली. आबा म्हणाले, 'बस बस, अक्का, तू ते बठ्ठी सभा खाई टाकशी!' पण हसताना त्यांचे कान लाल झाले होते.

सभा तहकूब झाली. आठवड्याने आबांचा फोन : मळेवार यादी तयार आहे, ठरावही केला आहे, आणि टाकीपासून एक वेगळी वाहिनी शिवारापर्यंत काढता येईल का? येईल. मी तर दुसऱ्या गावांनाही तोच प्रश्न विचारत सुटलोय, आणि गंमत म्हणजे एकदा विचारले की लोक मोजतात. कुणाचे मन कोते नाही. विचारणाऱ्यालाच घाई असते. वरिष्ठ म्हणाले, 'हे रहिवाशांच्या व्याख्येत कसे बसवणार?' मी म्हणालो, व्याख्या माझ्यावर सोडा, मी तिचा विग्रह करून देतो. त्यांनी हात जोडले आणि जाड नळ मंजूर केला. नकाशावर ती रेघ आता इतरांपेक्षा किंचित ठळक दिसते. मी ती जेवणाच्या सुट्टीत उगाच बघत बसतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा फायलीतच राहील. म्हणून लिहून टाकतो. माझी पहिली योजना धुळ्याकडची, नोकरीला लागल्यावर तीन-चार वर्षांत केलेली. तिथे कपाशी वेचायला दरवर्षी डोंगरातून माणसे उतरतात. मी त्यांना धरले नव्हते. कुणी विचारले नाही आणि मला सुचले नाही. ते नळ जमिनीत आहेत, योजना चांगली चालते म्हणतात. वेचणीच्या दिवसांत ती माणसे काय पितात, हे मी आजवर जाऊन पाहिलेले नाही. भीती वाटते.