खोडलेलं शब्दकोडं

मंगळवार, संध्याकाळ

डोकं नुसतं फिरलंय. पोरांना वाचायची गोडी लागावी म्हणून मी नगरला जाऊन गोष्टी-कोड्यांचं मासिक निवडून आणलं. हेडसरांना स्पर्धा परीक्षेचं हवं होतं. आज चौथीतल्या सायलीनं त्यातलं शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवलं, तर सर खेकसले, "शाळेचा अंक खराब केलास!" सगळं खोडायला लावलं. ती मला म्हणते, "मॅडम, सोडवायचं न्हाई तर छापलंय कशाला?" वर सर 'तपासतो' म्हणून अंक ऑफिसात घेऊन गेले, शाळा सुटताना परत दिला. आत्ता घरी उघडला, तर तेच कोडं भरलेलं! निळ्या पेनानं, सरांच्याच अक्षरात. दोन शब्द तेवढे कोरे. तिथं सायलीची खोडलेली पेन्सिल अजून पुसट दिसते. दोन्ही बरोबर आहेत.