जमिनीवरचं ताट

प्रिय फाउस्तो,

राजधानीतले ते आर्किटेक्ट पुन्हा येऊन गेले. या वेळी घर विकायला तुझी संमती आहे असं सांगत होते. तू तसं म्हणाला असशील तर मला राग नाही. एरवी आला असता. या महिन्यात कशाचाच येत नाही. ते घरभर फिरले, भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाले, "ओतिलियाबाई, तुम्ही सोन्यावर बसला आहात." आपल्या गावात हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते सगळे सोनं घेऊन गेले, एवढ्या एका गोष्टीवर मी पूर्वी चौकात टेबलावर चढून तासभर बोलले असते. त्यांना मी फक्त कॉफी दिली. आजवर त्यांना एकच कारण देत आले होते, की बाबा या घराखाली आहेत. ते कारण आता राहिलेलं नाही.

तू तेव्हा पाळण्यात होतास, म्हणून मुळापासून सांगते. बाबा आत असताना खाण कोसळली आणि कंपनीने माणसं काढायच्या ऐवजी तोंडच बुजवून टाकलं. मग मुकादम नकाशा घेऊन घरोघर फिरला आणि जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारत गेला. इथे खाली अमका, तिथे तमका. वर्षभरात निम्म्या गावाने घरं बदलली. कुणी ऊन पाहिलं नाही, पाणी पाहिलं नाही. आपला माणूस कुठे आहे तेवढं पाहिलं. आपल्या सांता फिलोमेना गावात घराचा भाव त्यावर ठरायचा. आईने आजोबांनी दिलेलं चौकातलं तीन खोल्यांचं घर दुकानदाराच्या बायकोला, रेफुहियोबाईला दिलं आणि तिचं हे उतारावरचं घेतलं, जिथे जमिनीवर ठेवलेलं लिंबू आपणहून दाराकडे चालू लागतं. रेफुहियोबाई मरेपर्यंत म्हणायची, "असं वेडं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो." आई म्हणायची, "तुझा नवरा जमिनीच्या वर आहे गं, तुला खालचं काय कळणार."

म्हणून दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपल्याकडे मेलेल्यांचं ताट टेबलावर नाही, जमिनीवर मांडतात. फुलीवर झेंडू, मक्याच्या पानात उकडलेले तमाल, मेस्काल दारूचा पेला. तू फरशीला कान लावून विचारायचास, "बाबा जेवतायत का? ऐकू येत नाही." आई म्हणायची, "हळू जेवतात ते. तुझ्यासारखे मचमच करत नाहीत."

आता भाव दरीच्या देखाव्यावर ठरतो. शुक्रवारी येणारे आणि रविवारी जाणारे लोक घरं घेतात, फुल्यांवर गालिचे घालतात. रेफुहियोबाईच्या नातवाने चौकातलं घर हॉटेलसाठी विकलं. परसात पोहायचा तलाव खणताना जमीन खचली आणि खाली बोगदा निघाला. कंपनीच्या नकाशात तो नव्हता, कारण तिथे खणायची तिला परवानगीच नव्हती. चौकाखालून, चर्चखालून ती चोरून सोनं नेत होती, आणि मुकादमाच्या हातात खोटा नकाशा होता. कंपनी चोर आहे हे मी जन्मभर ओरडून सांगितलं, पुराव्याशिवाय. पुरावा, म्हणजे हाडं आणि डबे, दोरीने वर येऊ लागला तेव्हा गर्दी माझ्याकडे वळली. कुणी तरी म्हणालं, "बाई, आता बोला." मी एका जेवणाच्या डब्याकडे बघत होते. त्याची कडी तुटलेली होती आणि तिला तांब्याची तार गुंडाळलेली होती. आई ती तार गुंडाळत होती तेव्हा मी शेजारी बसले होते.

बाबा आपल्याच पहिल्या घराखाली होते, फाउस्तो. जे आईने देऊन टाकलं, त्या घराखाली.

तिला सांगायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही. शेवटी ती घेवडा निवडत होती तेव्हा सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत. तिने विचारलं, "डबा रिकामा होता?" मी हो म्हटलं. "मग जेवून गेले ते." घेवडा निवडून झाल्यावर तिने फुलीकडे बोट केलं. "आणि इथे कोण आहे?" मी म्हटलं, ठाऊक नाही आई, सगळे सापडलेले नाहीत; कोणी असेल, किंवा कोणीच नसेल. ती म्हणाली, "असेल तर त्याला माझ्या हातची सवय झाली असेल."

मी तिला सरळ विचारलं, आता विकायचं का. ती म्हणाली, "मग नोव्हेंबरात याला कोण वाढणार? तो भिंती वाजवणारा?" तेव्हा आर्किटेक्टना तूच नाही म्हणून कळव, माझ्या तोंडी आता मोठे शब्द येत नाहीत. आणि तू ये, त्यासाठीच हे लिहिते आहे. एक नोव्हेंबरला बाबांना दफन करायचं आहे, आईला पेटी तुझ्या खांद्यावर हवी आहे. दुसऱ्या दिवशीही थांब. माझे गुडघे वाकत नाहीत, ताट जमिनीवर तुला मांडावं लागेल. कुणासाठी, ते आईसमोर विचारू नकोस.

तुझीच, भाषण विसरलेली
ताई