अप्पा, भूल उतरली!

प्रिय अप्पा,

मी उठले! सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायचं होतं, म्हणून लातूरच्या दवाखान्यातून चाकूरला घरी आल्याबरोबर मोबाईल मांडीवर घेऊन एका बोटानं लिहायला बसलेय. माझं पित्ताशय काढलं. पूर्ण भूल देऊन!

तुम्ही गेलात त्याला अजून वर्ष व्हायचंय. असतात, तर आधी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मग गल्लीभर पेढे वाटले असते.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, एसएमएमुळे, म्हणजे जन्मापासूनच्या या स्नायूंच्या आजारामुळे, हिचे श्वासाचे स्नायूही अशक्त आहेत, भुलीनंतर श्वास नीट चालेल याची खात्री नाही. झालं! तेव्हापासून तुमचं एकच पालुपद. "दुखू द्या, पण माझ्या लेकीला झोपवायचं न्हाई." अहो, पण दुखत कुणाला होतं? खड्यांची कळ आली की मी उशी चावायचे आणि तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसायचात. राग यायचा मला. अजूनही थोडा येतो.

भूल देणाऱ्या मॅडम आपल्या मुखेडच्या निघाल्या! आदल्या दिवशीच त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, मान वळवायला लावली, खोकायला लावलं. माझा तो मांजराच्या पिल्लाचा खोकला! घरचं श्वासाचं मशीन सोबत आणायला सांगितलं. म्हणाल्या, "स्नायू सैल करायचं एक औषध तुला अजिबात चालत न्हाई. ते मी ट्रेमधी ठिवनारच न्हाई."

आणि आईनं काय केलं माहितेय? आदला दिवस सोमवार. संध्याकाळी आम्ही दोघींनी उपवास सोडायचा, तर तिनं नवस बोलून दोघींचाही तसाच पुढं ओढला! सकाळी मॅडमनी कपाळावर हात मारला.

"लेकराला कालपासून उपाशी ठिवलात?"

"देवासाठीच केलं की हो, मॅडम!"

"देवाला चालतंय, हिला न्हाई! अंगात मांसच कमी, साठा कुठून येनार? साखर घसरती हिची."

लगेच ग्लुकोजचं सलाईन लावलं. साखर ठीक झाल्यावरच मला आत घेतलं. तोवर आईचं तोंड एवढंसं झालं होतं.

मग डोळे उघडले तर घशातली नळी निघालेली, नाकावर आपलं घरचं मशीन, आणि छाती वरखाली होतेय! माझी मी श्वास घेत होते, अप्पा! मॅडम हसत होत्या. आई रडत होती. मी दाराकडे बघितलं, आणि तुम्ही नाही हे तेव्हा कळलं. फार रडू आलं.

काल वॉर्डात मॅडमनी सांगितलं. देवणीत एक छोटी मुलगी आहे, माझ्याच आजाराची. तिच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन करायचंय, पण वडील तयार नाहीत. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, झोपली अन् उठलीच न्हाई तर?" खूप काही सांगायचं ठरवलं होतं, पण रागावताच येईना. तेव्हा समजलं, ओट्यावर तुम्ही किती एकटे बसत होतात ते.

ते तयार होवोत, अप्पा. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी माझी व्हीलचेअर थिएटरच्या दाराशी, त्यांच्या शेजारी असेल. मुलीला बाहेर आणेपर्यंत मी हलणार नाही. तुम्हाला शब्द देते.

तुमचीच,
शिवू